शानश्वेई (डोंगर-पाण्याची चिनी निसर्ग)चित्रं आणि चहाचा डबा : कुंचल्यापासून छपाईच्या प्लेटपर्यंत

कोरी_जागा

चिनी चहाच्या पॅकेजिंगवर डोंगर आणि धुकं हवं म्हटलं की बहुतेक जण स्टॉक साइटवरचं पहिलं चित्र उचलतात, त्यावर सोनेरी अक्षरं टाकतात आणि फाइल प्रेसला धाडतात. छापून येतं तेव्हा धुक्याच्या जागी करडा चिखल असतो. शिव्या प्रेसवाल्याला पडतात, पण चूक बहुतेक वेळा फाइलमध्ये असते.

या धाग्यात एकच उदाहरण धरून चालू या: ह्वांगशान माओफंग हा चिनी हिरवा चहा, ५० ग्रॅम, ७५ मिमी व्यासाचा आणि ११० मिमी उंचीचा पत्र्याचा गोल डबा, आत फॉइलचं पाउच, बाहेर पुठ्ठ्याचं स्लीव्ह.

हाच चहा घेण्याचं कारण आन्हुई प्रांत. ह्वांगशानचे डोंगर तिथले, चहा तिथला, चित्रकार ज्यावर जीव टाकतात तो श्वेन कागद त्याच प्रांतातल्या चिंग तालुक्यातला, आणि ह्वेइचौची शाईची कांडीही तिथलीच. सतराव्या शतकात होंगरेन, मेइ छिंग आणि शिताओ या तिघांनी हाच डोंगर तीन तऱ्हांनी रंगवला. होंगरेनचे खडक म्हणजे कोरड्या, कोनदार रेघांच्या चौकटी, पाणी मारलेली शाई जवळजवळ नाहीच. मेइ छिंगचे ढग वळसे घेत वर चढतात. शिताओ ओला, मोकळा, ठिपक्यांचा. छपाईच्या दृष्टीनं होंगरेनचा ढंग सगळ्यात सोसणारा, कारण तो रेघेवर उभा आहे. शिताओच्या ढंगाला प्रेस चांगला लागतो.

सुरुवात चित्रापासून नको, कोऱ्या जागेपासून करा. चिनी चित्रात तिला ल्यौबाय म्हणतात, म्हणजे 'पांढरं राखणं'. ढग, पाणी, धुकं रंगवत नाहीत, कागद तसाच सोडतात. डब्याची कीलाइन (काप, घड्या, जोड दाखवणारा आराखडा) उघडा आणि आधी मजकूर, बारकोड, वजन, उत्पादकाचा पत्ता यांचे चौकोन मांडा. ते चौकोन जिथे बसतील तिथेच चित्रातलं धुकं यायला हवं. उलट केलं, म्हणजे आधी चित्र आणि मग 'जरा जागा करा', की मजकुरामागे पांढरी अर्धपारदर्शक पट्टी येते आणि डोंगराचा गळा कापला जातो.

गोल डब्याचा घेर २३५.६ मिमी. समोरून एका वेळी नीट दिसतो तो साधारण एक तृतीयांश, ७५ ते ८० मिमी. मुख्य सुळका, चहाचं नाव आणि शिक्का एवढ्याच पट्ट्यात बसवायचे. बाकीचा घेर डबा फिरवणाऱ्यासाठी. चिनी आडवी गुंडाळी उजवीकडून डावीकडे उलगडत पाहतात, तेव्हा चित्राची सुरुवात पट्ट्याच्या उजव्या टोकाला ठेवा. डब्याचा पत्रा सपाट असतानाच छापला जातो, मग वळवून जोड दाबतात. जोडासाठी ५-६ मिमी जास्त धरा आणि जोड पाण्यावर किंवा धुक्यावर आणा, डोंगरावर नको.

डायपंच

गोल डबा आणि आडवी गुंडाळी यांचं गणित कधी कधी फार छान जुळतं. चित्रकार ह्वांग गोंगवांगचं १३५० सालचं 'फूछुन डोंगरातलं वास्तव्य' घ्या. तैपेईच्या संग्रहालयातला मोठा तुकडा ३३ × ६३६.९ सेंमी आहे. ११० मिमी उंचीवर आणला की लांबी २१२३ मिमी होते. भागिले २३५.६ केलं तर उत्तर ९.०१. नऊ डब्यांत अख्खी गुंडाळी, जवळजवळ मिलिमीटर न वाया घालवता.

पण ते चित्र चच्यांग प्रांतातल्या नदीचं आहे. ते तिथल्याच लाँगजिंग चहावर शोभेल, माओफंगवर नाही.

उकळी

एक शंका. डोंगर कुठलाही असो, गिऱ्हाइकाला फरक कळतो का?

मसीपात्र

@उकळी, चीनमधल्या गिऱ्हाइकाला कळतो. खडकाचा पोत दाखवायच्या रेघांना त्सुन म्हणतात आणि त्यांचे प्रकार ठरलेले आहेत. 'पीमा त्सुन' म्हणजे विस्कटलेल्या तागाच्या धाग्यांसारख्या लांब, मऊ रेघा. दक्षिणेकडच्या मातीच्या, झाडीनं झाकलेल्या गोलसर टेकड्या यांनी काढतात. लाँगजिंगचा हांगचौ परिसर तसाच आहे. 'फूपी त्सुन' म्हणजे कुऱ्हाडीचा घाव. कुंचला आडवा पाडून खेचलेले कोरडे फटकारे, कड्यांसाठी. फूच्येनमधल्या वूयी डोंगराचे तांबूस वाळूखडकाचे उभे कडे आणि त्यांच्या खाचांत वाढणारा 'खडकचहा', तिथे हा पोत बोलतो. माओफंगला ह्वांगशानचा ग्रॅनाइट, म्हणजे चौकोनी भेगा आणि त्यांतून आडवी निघालेली पाइनची झाडं. वूयीच्या डब्यावर तागाच्या रेघा काढणं म्हणजे हापूसच्या पेटीवर नारळाची बाग छापणं. चुकीचं कुणी म्हणणार नाही, पण आंबा कुठला हे त्या चित्रातून कळणार नाही.

काळाची गल्लत याहून वाईट. सोंग काळात (९६० ते १२७९) चहा दळून, भुकटी करून, घुसळून पीत. ल्यू सोंगन्येनचं चहा दळण्याचं प्रसिद्ध चित्र आहे, त्यात माणूस जात्यावर बसून चहा दळताना दिसतो. ते चित्र सुट्या पानांच्या हिरव्या चहावर छापलेलं असतं! मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटानं १३९१ साली दाबलेल्या वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पानं मागवली, तेव्हापासून आजचा पानांचा चहा रुळला. सुट्या चहासाठी चहापानाचं दृश्य हवंच असेल तर मिंग काळातलं घ्या. वेन चंगमिंगचं १५१८ चं हुईशानच्या झऱ्याकाठचं चहासभेचं चित्र आहे, थांग यिनचं झोपडीतल्या चहाचं आहे.

रेशीमकाठ

ऋतूचंही बघा. प्लमचा मोहोर हिवाळ्याचा, शेवंती शरदातली. छिंगमिंग सणाच्या आधी, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्याआधी खुडलेल्या चहावर शेवंती काढली तर हास्यास्पद. शिवाय पांढरी-पिवळी शेवंती तिकडे स्मशानाशी जोडलेली आहे. भेटवस्तूच्या डब्यावर तर नकोच.

आणि चेरीचा मोहोर, फूजी पर्वत, अर्धवर्तुळांच्या लाटा हे सगळं जपानी. 'आशियाई' फोल्डरमधून सरसकट उचलू नका.

कोरी_जागा

आता चित्र काढणं आणि स्कॅनिंग.

कागद: कच्चा श्वेन शाई शोषतो आणि पसरवतो, तो मोकळ्या श्येयी पद्धतीसाठी. तुरटी आणि सरस लावलेला पक्का श्वेन शाई पसरू देत नाही, तो बारीक गोंगबी कामासाठी, म्हणजे पक्षी, फुलं, किडे. धुकं हवं असेल तर कच्चाच.

आकार: छापायच्या मापाच्या दीडपट काढा, फार तर दुप्पट. चौपट काढून लहान केलं की फटकाऱ्यातली कोरडी पांढरी रेघ, जिला फेइबाय म्हणतात, ती मिटते आणि कुंचल्याची खूण मार्करसारखी गुळगुळीत दिसते.

फिकट शाई ओली असताना गडद दिसते आणि वाळली की बरीच उतरते. छपाई तिला अजून उतरवते. त्यामुळे सगळ्यात फिकट छटा डोळ्याला हवी त्याहून एक पायरी गडद ठेवा. शाईच्या पाच छटा सांगतात: जळकी, दाट, जड, फिकी, निवळ. डब्यावर पाचवी बहुधा मरते. चार धरून चाला.

वाळलेला कच्चा कागद सुरकुततो. तसाच स्कॅन केला तर सुरकुत्यांच्या सावल्या फिकट डोंगरांसारख्या दिसतात आणि नंतर काढता येत नाहीत. आधी गव्हाच्या खळीनं मागून दुसरा कागद चिकटवून, फळीवर ताणून वाळवा. मग ६०० डीपीआय, १६ बिट, स्कॅनरची आपोआप सुधारणा बंद.

फाइलमध्ये कागदाचा पिवळट रंग पूर्ण काढून टाका आणि फक्त शाई उरू द्या. जुनाट कागदाचा रंग छापून आणायचा मोह होतो. तो चार रंगांच्या ठिपक्यांनी बनतो, त्यामुळे कोरी जागा कोरी राहत नाही, तिच्यावर बारीक पुरळ येतं. कागदाचा रंग हवा असेल तर त्या रंगाचा कागदच विकत घ्या.

पट्टीवाला

प्रेसच्या बाजूनं लिहितो, कारण खरी मारामारी इथेच असते.

पहिलं: काळी शाई चार रंगांत फोडू नका. सायन, मजेंटा, पिवळा, काळा असा करडा बनवला की रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसणं) केसभर हललं तरी डोंगराच्या एका कडेला गुलाबी आणि दुसऱ्या कडेला हिरवी झाक येते. प्लेट दोनच ठेवा: काळी आणि एक सुटी करडी. करडी कुठली हे चित्राच्या शाईवर ठरतं. पाइनच्या काजळीची शाई थंड, निळसर असते, तेलाच्या काजळीची उबदार, किंचित तपकिरी. त्याप्रमाणे थंड किंवा उबदार करडा निवडा. फिकट धुकं सगळं करड्या प्लेटवर, गडद फटकारे काळ्यावर.

यातला फायदा नीट समजून घ्या. १०% गडद धुकं नुसत्या काळ्या प्लेटवर १०% चा ठिपका असतं, म्हणजे पांढऱ्यावर विखुरलेले काळे कण, डोळ्याला खरखरीत दिसतात. तेच ४०% करड्या प्लेटवर ठिपका २५ टक्क्यांच्या आसपास येतो, कण फिके आणि दाट. धुकं मऊ दिसतं. सगळा खेळ एवढाच आहे.

दुसरं: लेप नसलेल्या कागदावर ठिपका फुगतो. फाइलमधला ५०% कागदावर ७०-७५% दिसतो. त्यामुळे मधल्या छटा आधीच उतरवून पाठवा, त्याही प्रेसच्या कर्व्हनुसार, अंदाजानं नाही. ऑफसेटला इंचाला १५० रेघांची जाळी पुरे. एफएम स्क्रीन (ओळीत न बसवता बारीक ठिपके विखरून टाकणारी जाळी) मिळत असेल तर धुक्यासाठी ती घ्या.

तिसरं: पाउच फ्लेक्सोवर (लवचीक प्लेटच्या छपाईवर) छापणार असाल तर चित्र पाउचवर टाकूच नका. फ्लेक्सोत ३ ते ५ टक्क्यांखालचा ठिपका टिकत नाही. धुकं हळूहळू विरत जायच्या ऐवजी एका रेषेवर तुटतं, नकाशातल्या किनारपट्टीसारखं. पाउचवर एक शिक्का आणि चहाचं नाव, बस. चित्र हवंच असेल तर ग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या सिलिंडरची छपाई), पण त्याच्या सिलिंडरचा खर्च छोट्या ऑर्डरला झेपत नाही.

डायपंच

स्लीव्हबद्दल माझी भर. ३५० जीएसएम पुठ्ठा असेल तर गडद शाई घडीवरून नेऊ नका. क्रीझवर शाई तडकते आणि काळ्या डोंगरावर पांढरी रेघ उमटते. ग्रेन (पुठ्ठ्याच्या तंतूंची दिशा) मुख्य घडीला समांतर घ्या, निम्मी तडतड तिथेच थांबते. दोन बाजूंवरून जाणारा डोंगर ठेवायचा असेल तर त्याची कड घडीवर तिरकी जाऊ द्या. आडवी रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी ओरडते, तिरकी लपून जाते. पेस्टिंगच्या पट्टीवरून चित्र जुळवायचा हट्ट नको.

फॉइलिंग: कुंचल्याचं अक्षर सोनेरी फॉइलमध्ये दाबलं की फेइबायच्या बारीक पांढऱ्या भेगा भरून जातात आणि अक्षराचा गोळा होतो. फॉइलला पोकळी किमान ०.३ मिमी लागते, खडबडीत कागदावर त्याहून जास्त. त्यापेक्षा अक्षर काळ्या शाईत छापा आणि फॉइल वापरूच नका. या शैलीत सोनं बहुतेक वेळा परकंच दिसतं.

कोरी_जागा

सोन्याबद्दल अर्धं सहमत. निळ्या-हिरव्या शानश्वेईत ते चालतं. वांग शीमंगची १११३ सालची जवळपास बारा मीटरची रेशमी गुंडाळी आहे, अझुराइटचा निळा आणि मॅलाकाइटचा हिरवा. त्या खनिज रंगांच्या भारदस्तपणाशेजारी थोडं सोनं खपतं. पण तो निळा चार रंगांत छापला की जांभळट होतो, त्यासाठी सुटी शाई लागते. आणि माओफंगच्या फिकट पोपटी पाण्याला तो सगळा थाट जड होतो.

रेशीमकाठ

लाल शिक्क्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. पांढऱ्यावर काळं एवढंच असेल तर भेटीचा डबा सुतकी वाटतो. शिक्का त्यात जीव आणतो. पण:

शिक्के दोन प्रकारचे. अक्षरं लाल आणि पार्श्वभूमी कोरी, किंवा पार्श्वभूमी लाल आणि अक्षरं कोरी. ८-१० मिमीच्या छपाईत दुसरा प्रकार धोक्याचा, कारण शाई पसरते आणि पांढऱ्या रेघा बुजतात. मग उरतो तो लाल ठोकळा. तोच प्रकार हवा असेल तर पांढऱ्या रेघा फाइलमध्येच जाड करा, किमान पाव मिलिमीटर.

चार अक्षरांचा शिक्का आधी उजवा स्तंभ वरून खाली, मग डावा, असा वाचतात. डिझायनर अक्षरं डावीकडून मांडतो आणि ब्रँडचं नाव उलटसुलट होतं. जागाही ठरलेली असते. नावाचा शिक्का मजकुराच्या शेवटी, सहीखाली. उभ्या ओळी उजवीकडून सुरू होतात, म्हणजे शिक्का डावीकडे खाली. सुरुवातीचा लांबट शिक्का उजवीकडे वर. दोन पुरे.

लाल रंगासाठी सुटी शाई घ्या, सिंदुरी, किंचित नारिंगीकडे झुकलेली. खरा शिक्क्याचा लेप सिनाबार (हिंगूळ), एरंडेल आणि मगवर्ट नावाच्या झुडपाच्या तंतूंचा असतो, दाट आणि अपारदर्शक. छपाईची लाल शाई पारदर्शक असते, करड्या धुक्यावर पडली की विटकरी दिसते. तेव्हा शिक्का कोऱ्या जागेवरच.

उकळी

एआयनं बनवलेलं चित्र चालेल का? बजेट कमी आहे.

मसीपात्र

आराखड्यापुरतं वापरा. अंतिम चित्रात तीन गोष्टी फसतात. अक्षरं आणि शिक्के बनावट येतात, चिनी वाचणाऱ्याला ते 'क ल फ्र ट' असं दिसतं. सगळे पोत एकाच डोंगरावर कालवलेले असतात. आणि कोरी जागा खरी कोरी नसते, २-४ टक्क्यांची कुजबुज सगळीकडे असते, ती प्लेटवर डाग होऊन येते.

जुनं चित्र वापरणं स्वस्त पडेल. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ पासून मुक्त हक्काच्या प्रतिमा खुल्या ठेवल्या आहेत, त्यात चिनी चित्रंही भरपूर आहेत. सगळ्या संग्रहालयांचं धोरण असं नसतं. चित्र आठशे वर्षांचं असलं तरी त्याच्या फोटोच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या वाचा. आणि जागा जमत नाही म्हणून चित्र आडवं उलटवू नका. शिक्के आरशातले दिसतात आणि लगेच पकडले जाता.

पट्टीवाला

आणि क्लायंटला आवरा. 'ही जागा रिकामीच आहे की, इथे अँटीऑक्सिडंटचं लिहू या' हे वाक्य येतंच.

मसीपात्र

तो रोग जुना आहे. अठराव्या शतकातल्या छ्येनलोंग सम्राटाकडे फूछुन गुंडाळीच्या दोन प्रती होत्या. त्यानं नक्कल असलेली अस्सल ठरवली आणि आयुष्यभर तिच्या प्रत्येक कोऱ्या ढगावर कविता आणि शिक्के ठोकले. अस्सल गुंडाळी नक्कल ठरली म्हणून त्या माऱ्यातून वाचली. क्लायंटला त्या दोन प्रतींचे फोटो शेजारी ठेवून दाखवा, बोलावं लागत नाही.

अर्धा_कप

सगळे चित्रावर बोलताय, चहावर कुणीच नाही. हिरव्या चहाचे चार वैरी: ओल, उजेड, हवा आणि वास. मानकांत हिरव्या चहाची ओल ७ टक्क्यांखाली धरतात, लाँगजिंगची ६.५. म्हणून पाउच फॉइलचंच: बाहेर १२ मायक्रॉन पेट प्लास्टिक, मध्ये ७ मायक्रॉन ॲल्युमिनियम, आत ६०-८० मायक्रॉन पीई प्लास्टिक. क्राफ्ट कागदाचं खिडकीवालं पाउच दिसायला छान, पण उजेडानं पानं पिवळी पडतात. माओफंग फुलारलेला असतो, व्हॅक्यूम केलं की चुरा होतो. नायट्रोजन भरून सील करा. मापही कागदावर ठरवू नका. खरा चहा न दाबता भरा, पाउच तीनदा आपटा आणि वर दहा टक्के मोकळं ठेवा.

वास सगळ्यात फसवा. ऑफसेटची शाई वाळताना वास सोडते आणि चहा तो ओढून घेतो. छापलेला पुठ्ठा दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत ठेवल्याशिवाय चहा भरू नका. चाचणी सोपी: काचेच्या बरणीत छापलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे आणि चमचाभर चहा, दुसऱ्या बरणीत नुसता चहा. दोन्ही घट्ट बंद करून ४८ तास. मग दोन्ही एकाच मापानं उकळलेल्या पाण्यात काढून प्या. फरक लागला तर शाई बदला, किंवा चहा बाहेरच्या पुठ्ठ्यापासून अजून एका थरानं तोडा.

पुअर या मुरवून पिण्याच्या चहाचा मामला उलटा. ३५७ ग्रॅमची चकती श्वास घेत मुरते, तिला फॉइल नको, पातळ सालीचा कागदच. अंदाजे २० सेंमी व्यासाच्या चकतीला ४० सेंमीच्या आसपास चौकोनी कागद लागतो, कडा मागे चुण्या घालून दुमडतात. पुढून दिसतो तो फक्त मधला गोल, त्यातलाही कडेचा दीड सेंमी वळणात जातो. त्या कागदावर अख्खं निसर्गचित्र काढणाऱ्यांनी हे मोजून बघावं.

डायपंच

थरांवरून आठवलं. चीनमध्ये विकायचं असेल तर 'जीबी २३३५०-२०२१' हे जास्तीच्या वेष्टनावरचं मानक १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. धान्य आणि त्याचे पदार्थ यांसारखे काही सोडून बहुतेक खाद्यपदार्थांना वेष्टनाचे थर जास्तीत जास्त चार, आणि बाहेरच्या वेष्टनाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये. रेशमी अस्तर, लाकडी पेटी, आत पंखा आणि गुंडाळी, असले भेटसंच त्यात अडकतात. आपलं पाउच, डबा, स्लीव्ह तीनच थर होतात.

उकळी

तोच डबा भारतात आणून विकायचा असेल तर?

पट्टीवाला

आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, सर्व करांसह एमआरपी, मूळ देश, आणि शाकाहाराची हिरवी खूण. समोरच्या मुख्य भागाचं क्षेत्रफळ १०० चौसेंमीपर्यंत असेल तर ठिपक्याचा व्यास किमान ३ मिमी, ५०० पर्यंत ४ मिमी, चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. हिरवा ठिपका लाल शिक्क्याशी भांडतो, दोघांना डब्याच्या विरुद्ध बाजूंना ठेवा. स्टिकर लावणार असाल तर त्याची जागा डिझाइनमध्येच धुक्यात राखून ठेवा, नाहीतर गोदामातला माणूस तो सुळक्यावर चिकटवेल.

उकळी

झाकणावर काय? तिथेही डोंगर हवाय क्लायंटला.

डायपंच

झाकण पत्रा ओढून बनतं, कडेचा भाग ताणला जातो आणि तिथलं चित्र लांबतं. वरच्या सपाट गोलाच्या कडेपासून आत ३ मिमी सोडून काय ते काढा. पाइनची एक फांदी पुरे. झाकण फिरतं, त्यामुळे अंगावरच्या चित्राशी जुळवायच्या भानगडीत पडू नका. पांढरा बेसकोट (चित्राखाली पत्र्यावर द्यायचा पांढरा थर) मात्र झाकणालाही सांगून ठेवा, नाहीतर अंग पांढरं आणि झाकण चंदेरी असा डबा हातात येतो.